लिबरल आर्ट्सच्या पोरांना कम्प्युटर सायन्स शिकवताय? या चुका टाळा

इंजिनिअरिंग कॉलेजमधून इकडे आलेल्या मास्तरांची पहिली चूक ठरलेली. जुना सिलॅबस काढायचा, पॉइंटर-बिइंटरसारखे अवघड भाग छाटायचे आणि उरलेलं 'सोप्पं करून' शिकवायचं. अहो, समोर इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, इतिहासवाली पोरं बसलीयेत, त्यांनी प्राइम नंबर शोधून करायचं काय? जुन्या पत्रांमधली गावांची नावं मोजायला द्या, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) आणि डिक्शनरी (नाव आणि त्याची संख्या अशा जोड्या) दोन्ही त्यात आपसूक येतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सगळ्यांना एकाच वर्गात कोंबणं. शाळेत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा झालेली तीन-चार पोरं फटाफट उत्तरं देतात, आपणही खूश, आणि बाकीच्यांना वाटायला लागतं की हे आपलं काम नाही, मग कोर्स ड्रॉप करायची मुदत संपायच्या आत ती गायब. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने 2006 च्या सुमारास यावर नीट काम केलं, जावाऐवजी पायथन आणलं, नवख्यांची तुकडी वेगळी केली, आणि जो फार बोलतो त्याला प्राध्यापक बाजूला घेऊन सांगायचे की तुझ्याशी बोलायला मजा येते पण हे आपण वर्गाबाहेर बोलू. तिथे कम्प्युटर सायन्स मेजरमध्ये मुली 10 टक्क्यांच्या आसपास होत्या, त्या काही वर्षांत 40 च्या घरात गेल्या. अर्थात मुलींना कॉन्फरन्सला नेणं, लवकर रिसर्चला घेणं हेही सोबत होतं, नुसत्या तुकड्या पाडून भागलं नसतं.

पहिला तास इन्स्टॉलेशनमध्ये घालवू नका. गुगलचं कोलॅब उघडा, पायथन ब्राउझरमध्येच चालतं, कामाला लागा. फक्त एवढं सांगून ठेवा की रनटाइम (कोलॅबचं चालू सेशन) बंद पडला की अपलोड केलेली फाईल जाते, आणि 'मघाशी चालत होतं सर' आलं की बहुतेक वेळा सेल, म्हणजे कोडचे तुकडे, उलटसुलट क्रमाने चालवलेले असतात, रीस्टार्ट करून वरपासून सगळे चालवा. इनपुटमध्ये 5 आणि 5 देऊन बेरीज 55 आली तर ओरडू नका, इनपुट टेक्स्ट म्हणूनच येतो, इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, बदलायला लावा.

मराठी डेटा असेल तर आणखी गंमत. 'मराठी' शब्दाची लांबी पायथन 5 सांगतो, पोरं म्हणतात अक्षरं तर तीनच! काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते, इथे घाई करून पुढे पळू नका, भाषाशास्त्रवाल्यांना यातच युनिकोडची (कम्प्युटरमध्ये सगळ्या लिप्यांची चिन्हं साठवायच्या पद्धतीची) गोडी लागते. सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीचा कचरा दिसला तर पायथनमधून सेव्ह करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-8-सिग' द्या.

असाइनमेंट चॅटजीपीटीकडून आली की नाही हे शोधत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. पाच मिनिटं समोर बसवा, कोडमधली एक ओळ खोडा आणि विचारा, आता काय होईल? ज्याने लिहिलंय तो चुकला तरी काहीतरी बोलतो, दुसरा नुसता स्क्रीनकडे बघत बसतो.