वेग नको, भट्टी हवी

अवकाशातून येणारी धूळ वातावरणात कशी तापते, वितळते, हे प्रयोगशाळेत करून पाहणं हा आमचा विषय. त्यात येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी वेगाबद्दल विचारतो. मीही विचारलं होतं. ही धूळ सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. तो वेग प्रयोगशाळेत आणायचा कुठून? 'आणायचाच नाही, भट्टी लाव,' हे उत्तर ऐकून माझा हिरमोडच झाला.

कण वितळतो तो तापण्यामुळे. शंभरेक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा) कण साधारण 90 किलोमीटर उंचीवरच मंदावतो. तिथे हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी दोन-तीन सेंटिमीटर जातो. म्हणजे या कणासाठी हवा वाहत नाही, सुटे रेणू येऊन आदळतात. परतणाऱ्या अवकाशयानापुढे असते तशी धक्कालहर (दाबल्या गेलेल्या तप्त हवेची भिंत) इथे नाही. शिवाय वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, त्यामुळे मिळालेली उष्णता भराभर बाहेर जाते. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी 1950 मध्ये मांडलेला मुद्दा हाच. हिशेब स्वतः करा: त्या उंचीवरची घनता, वेगाचा घन आणि दुसऱ्या बाजूला स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम, म्हणजे तापलेला कण किती उष्णता बाहेर टाकतो ते. वेग 12 किमी/से धरला तर 1800 केल्विनच्या आसपास येतं. भट्टी तिथवर न्यायची, तीही काही सेकंदांपुरती.

अडचण त्या सेकंदांत आहे. माझे सुरुवातीचे दोन महिने फुकट गेले, कारण मी थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या) आकड्यावर विसंबले. त्याचा सांधा कणापेक्षा कितीतरी जाड, त्यामुळे तो उशिरा तापत होता. कण केव्हाच वितळून गोल झालेला. प्लॅटिनमच्या तारेवर कण ठेवलात तर त्यातलं लोह प्लॅटिनममध्ये मुरतं, आणि विश्लेषणात लोह कमी दिसलं की आपण उगाच बाष्पीभवनाचे सिद्धांत रचत बसतो. ऑक्सिजनचा दाब प्रत्येक फेरीला नोंदवा. कणाभोवती मॅग्नेटाइटची (लोहाच्या ऑक्साइडची) कड येते की नाही, हे त्यावरही ठरतं आणि खऱ्या सूक्ष्म अशनींशी (जमिनीवर पोचलेल्या अवकाशातल्या कणांशी) तुलना करताना तीच कड आधी पाहतात.

कोरड्या दिवशी चिमटा जवळ नेला की कण उडतो, सापडत नाही. (माझे किती गेले, ते विचारू नका.) चिमटा सोडा, बारीक सुईच्या टोकाने उचला. पहिला आठवडा भट्टीला हातही लावू नका. काचेचे मणी एका पट्टीवरून दुसरीवर ठेवत बसा. वीसपैकी वीस पोचले की मग खरा नमुना मागा.