खासदाराला वकिली चालते, त्याच्या पगारी पीएला नाही

कोर्टनाक्यावर दरवर्षी जे नवे काळे कोट येतात, त्यातल्या दोन-चार जणांना राजकारणाचा किडा चावलेला असतोच. हल्ली असे जूनियर माझ्याकडेही येतात. "मॅडम, तुम्ही दिल्लीत होतात ना, खासदाराकडे काम कसं मिळतं?" प्रत्येकाला कॅन्टीनमध्ये बसवून तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी स्वतः खासदार झालेले नाही, होईन की नाही तेही ठाऊक नाही. पण वाटेत जो खड्डा लागला त्याची खोली मला नीट माहीत आहे.

आधी आपल्या भागातलं उदाहरण. आम्ही घणसोलीचे, त्यामुळे घरात दिबांचं नाव लहानपणापासून कानावर. दि. बा. पाटील वकील होते. जासईचे, शेकापचे, पनवेलचे पाच वेळा आमदार, 1977 आणि 1984 ला लोकसभेवर. जानेवारी 1984 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्याच वर्षाअखेर ते पुन्हा लोकसभेत गेले. मी यातून एवढंच घेते की ठाणे-नवी मुंबईतलं खरं राजकारण सातबारा, वारस नोंद आणि मोबदल्याच्या फायलीतून उगवतं. ज्याने त्या फायली वाचल्यात त्याला भाषण पाठ करावं लागत नाही.

म्हणून सीनियर निवडताना त्याची गाडी किंवा नेत्यांसोबतचे फोटो बघू नका. तो तुम्हाला ड्राफ्ट लिहू देतो का आणि लाल पेनाने खोडतो का, एवढं बघा. बॅग उचलायला लावणारे सीनियर मला मुळीच आवडत नाहीत. त्यांच्याकडे राहून माणूस फक्त नमस्कार करायला शिकतो. चौकात वाढदिवसाच्या फलकावर नावाआधी 'ॲड.' लावून घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता मूळ मुद्दा. खासदाराकडे काम मिळालं की पहिला प्रश्न विचारा: पैसे कशाचे आणि कुठून येणार?

बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिलांची नियामक संस्था. तिच्या नियमांतला नियम 49 आपण सगळ्यांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाने कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. धरली तर ज्या कौन्सिलच्या पटावर नाव आहे तिला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. 'कुणाचीही' म्हणजे सरकार किंवा कंपनीच नव्हे, व्यक्तीसुद्धा. इथेच पाय घसरतो, कारण आपल्याला वाटतं की साहेबांकडचं काम ही काय नोकरी? ना नेमणूकपत्र, ना मस्टर. पण खासदारांच्या कार्यालयीन भत्त्यात सचिवीय मदतीचा एक भाग असतो. तो खासदाराने नेमलेल्या माणसाला संसदेच्या सचिवालयाकडून थेट खात्यात जमा होतो. तुमच्या पासबुकात दरमहा ठरावीक आकडा, ठरावीक सुमारास. वर गळ्यात स्वीय सहायकाचं ओळखपत्र. उद्या 'मी पूर्णवेळ नव्हते' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मी दिल्लीत ज्या खासदारांकडे होते, त्यांच्या कार्यालयाने मला सांगितलं, "फॉर्म फक्त औपचारिकता आहे, सही करून टाका." अधिवेशन संपलं की मी ठाण्यात येऊन माझी मॅटर्स चालवत होते. एका दिवाणी दाव्यात समोरच्या वकिलांनी माझ्याविरुद्धच अर्ज दिला. सोबत माझ्याच फेसबुकवरचा फोटो, ओळखपत्रासकट, रंगीत प्रिंट. अर्जावरचे मुद्दे दाव्यातल्या मुद्द्यांपेक्षा जास्त तयारीचे होते, हे मान्य करावं लागेल. मला पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन वकालतनाम्यातून बाहेर पडावं लागलं. माझी अशील दिघ्याची एक मावशी. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे माझी तारीख फुकट गेली का ताई?" पुढे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली माझ्यावर गैरवर्तनाची तक्रारही झाली. त्या तक्रारीच्या तारखा अजून चालू आहेत. आता मी त्या प्रकरणात पक्षकाराच्या बाकावर बसते.

गंमत बघा. खासदार स्वतः मात्र कोर्टात उभा राहू शकतो. लोकप्रतिनिधींना वकिलीबंदी करावी, अशी याचिका 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ते पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, त्यामुळे नियम 49 त्यांना लागत नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे साहेबांनी सकाळी सभागृह आणि दुपारी कोर्ट केलं तर चालतं, आणि त्यांचं टिपण लिहिणारी मुलगी ठाण्यात स्थगितीच्या अर्जावर उभी राहिली तर गैरवर्तन. तर्क कळतो. पचत नाही.

आणि खरी चीड याची की सरळ वाट त्याच नियमावलीत आहे, दोन नियम खाली. नियम 51 म्हणतो की वकील मोबदला घेऊन संसदेतल्या विधेयकांचं परीक्षण करू शकतो. चक्क तेच शब्द. म्हणजे एका विधेयकाचं टिपण, त्याचं बिल, त्याची फी. पगार नाही, ओळखपत्र नाही, सनद म्हणजे वकिलीचा परवाना जिवंत. मला हे कुणी बोटाने दाखवलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला मी दाखवते आहे, तेव्हा 'माहीत नव्हतं' म्हणायचा हक्क तुमचा गेला. 'कागदावर अर्धवेळ लिहू या' असं कुणी सुचवलं तर हसून नाही म्हणा. पूर्णवेळच जायचं असेल तर खुशाल जा, पण आधी राज्याच्या बार कौन्सिलकडे सनद स्थगित करण्याचा रीतसर अर्ज करा. परत आल्यावर ती पुन्हा सुरू करून घेता येते. त्यात लाज नाही.

घाबरून दिल्लीचं नावच टाकू नका. तिथे जे शिकले ते कोर्टात शिकले नसते. प्रश्न लिहिणं, उदाहरणार्थ. "क्या पत्तन, पोत परिवहन और जलमार्ग मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि" या ओळीने सुरुवात, मग (क), (ख), (ग), सगळं साधारण दीडशे शब्दांत. पंधरा दिवस आधी नोटीस. माझा पहिला प्रश्न साडेबारा टक्के भूखंडांवर होता, आणि तो परत आला, कारण सिडको राज्याची. मग तोच विषय जेएनपीटीच्या, म्हणजे उरणच्या न्हावा-शेवा बंदराच्या, प्रकल्पग्रस्तांपुरता धरला. बंदर केंद्राचं, प्रश्न बसला. उरण मावळ मतदारसंघात आणि आमची ऐरोली ठाण्यात, पण प्रश्नाला मतदारसंघाची वेस नसते. कोणता विषय केंद्राच्या सूचीतला आणि कोणता राज्याच्या, हे घटनेच्या सातव्या परिशिष्टावर मार्क मिळवूनही मला त्या परत आलेल्या कागदानेच कळलं.

खासगी विधेयकाच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायच्या विधेयकाच्या, मोहात मात्र फार पडू नका. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. बॅरिस्टर नाथ पै यांनी 1967 मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकारावर आणलेलं विधेयक गाजलं, पण कायदा झालं नाही. वाद उभा करायला हे हत्यार चांगलं आहे, एवढंच.

राज्यसभेवर राष्ट्रपतींकडून नियुक्त होण्याची स्वप्नं पाहणारे तर मला दर आठवड्याला भेटतात. उज्ज्वल निकम 2024 ला उत्तर मध्य मुंबईत हरले आणि 2025 मध्ये राष्ट्रपतीनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले. म्हणून 'खटले गाजवू, मग बोलावणं येईल' हा हिशेब. अहो, जागा 12, आणि अनुच्छेद 80 मध्ये साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा लिहिलंय. वकिली त्यात नाही. निकमांच्या नियुक्तीमागे काही दशकांची कोर्टं आहेत, ती मोजा.

पॅनेलवरच्या, म्हणजे सरकारची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलांच्या यादीतल्या, मित्रांना एक इशारा. सरकारी पॅनेल मिळालं की घरी पेढे वाटतात, वाटावेत. पण उमेदवारी अर्ज भरायचा विचार असेल तर 'लाभाचे पद' हा शब्द आधी वाचा, कारण सरकारकडचं असं पद धरलेला माणूस उमेदवारीला अपात्र ठरू शकतो. महादेव विरुद्ध शांतीभाई या निकालात रेल्वेच्या पॅनेलवरचा वकील लाभाच्या पदावर असल्याचं धरलं गेलं. कांता कथुरिया प्रकरणात विशेष सरकारी वकिलाबाबत बहुमताने उलट निकाल आला. दोन्ही वाचा, आपलं नेमणूकपत्र शेजारी ठेवून. शंका असेल तर छाननीच्या दिवसाची वाट न बघता अर्ज भरण्याआधीच राजीनामा द्या आणि तो स्वीकारला गेल्याचा कागद हातात घ्या.

हरण्याचं म्हणाल तर बाबासाहेब 1952 ला मुंबईत हरले, 1954 ला भंडाऱ्यात हरले, आणि तरी राज्यसभेत होतेच. लोकसभेची अनामत 25,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 12,500. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापर्यंत पोचलात तरी ती जाते. त्याहून जास्त पडली तरच परत मिळते. अपक्षाला दहा सूचक लागतात आणि तेच ऐन वेळी फोन उचलत नाहीत, म्हणून पंधरा जणांच्या सह्या आधीच घेऊन ठेवा.

आणि कौन्सिलला पत्र दिलंत की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. खिडकीवरचा माणूस "नंतर या" म्हणेल. तिथेच उभे राहा.