एकच डिस्क पाच नावांनी दिसते तेव्हा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सर्व्हरला नवा लन (स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेली डिस्क) जोडला, तर लिनक्समध्ये एकदम पाच डिस्क उगवल्या. त्यातल्या चार नेटिव्ह, म्हणजे लिनक्सने स्वतः दिलेल्या नावांच्या (एसडीबी ते एसडीई); या त्या लनपर्यंत जाणाऱ्या चार वाटा. पाचवं पॉवरपाथचं (या वाटा सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्यूडो नाव, म्हणजे चारही वाटांचं मिळून एक नाव: ईएमसीपॉवरए. माल एकच!

१. 'पॉवरएमटी डिस्प्ले डेव्ह=ऑल' चालवा. प्रत्येक स्यूडो नावाखाली लॉजिकल डिव्हाइस आयडी आणि त्याच्या नेटिव्ह वाटा दिसतात. हा आयडी स्टोरेजवाल्याकडच्या आयडीशी ताडून घ्या. नुसत्या आकारावरून ओळखायला जाऊ नका. ५०० जीबीचे दोन लन शेजारी असले की हमखास घोळ होतो. मी केलाय.

२. पीव्हीक्रिएट (डिस्क एलव्हीएमच्या, म्हणजे लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थेच्या, ताब्यात देणारी कमांड) स्यूडो नावावरच करा. नेटिव्ह नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात.

३. 'पीव्हीएस' (एलव्हीएमच्या ताब्यातल्या डिस्क, म्हणजे पीव्ही, दाखवणारी कमांड) चालवल्यावर डुप्लिकेट पीव्हीचा इशारा आला, तर एलव्हीएमच्या कॉन्फ फाइलमधल्या फिल्टरमध्ये (एलव्हीएमने कुठल्या डिस्क बघायच्या ते ठरवणारी ओळ) ईएमसीपॉवर चालू ठेवा, त्या चार वाटा बंद करा.

सांभाळा: फिल्टरमध्ये सरसकट सगळे एसडी बंद करू नका. सर्व्हरची स्वतःची बूट डिस्क बहुतेक वेळा एसडीए हीच असते, आणि रूट (सिस्टिमचा मुख्य भाग) एलव्हीएमवर असेल तर पुढच्या रीबूटला मशीन न उठण्याचा धोका असतो. मग रात्री कोल्हापुरातून परत शिरोली.