छर्रा अडकला की जोर लावू नका: एअर रायफलवाल्यांनो, या चुका टाळा

इंदूरच्या आमच्या रेंजवर शनिवार-रविवारी नव्या मुलांची रीघ लागते. २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडला खरगोनकडचा ऐश्वर्य तोमर, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील आणि दिव्यांश पंवार यांनी १० मीटर एअर रायफलचं सांघिक सुवर्ण आणलं. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकहून स्वप्निल कुसाळे कांस्य घेऊन आला. तेव्हापासून राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर अशा आपल्या मराठी वस्त्यांतले आईवडील मुलांना घेऊन येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दर आठवड्याला एक वाक्य ऐकावंच लागतं: “सर, रायफल खराब आहे, छर्रा आत जात नाही.”

बहुतेक वेळा रायफल ठणठणीत असते. घाई झालेली असते.

हांगझोला त्या तिघांनी मिळून १८९३.७ गुण केले. म्हणजे प्रत्येकी ६० शॉट आणि दर शॉटला सरासरी साडेदहाच्या वर. रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एवढ्या बारीक खेळात वाकडा बसलेला छर्रा चालून जाईल, असं कुणी समजू नये.

छर्रा न बघता टाकणे

छर्रा शिशाचा असतो, वजनाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पुढचं डोकं चपटं, मधे कंबर आणि मागे पातळ पोकळ घेर. हा घेर नखानंही दबतो. डबी एकदा फरशीवर पडली की आतल्या कित्येक छर्‍यांचे घेर चेपतात, आणि मुलं तीच डबी उचलून पुढे सुरू करतात. चेपलेला छर्रा पन्हळीत, म्हणजे तो ठेवायच्या खाचेत, तिरका पडतो, त्याला नळीत ढकलणारा बोल्ट पुढे सरकताना आणखी चिरडतो आणि बोल्ट सरकवायचा लिव्हर अर्ध्यावर अडतो. इथे मूल काय करतं, तर लिव्हरवर तळहाताने दाब देतं.

लिव्हर अडला की हात थांबलाच पाहिजे. नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवून लिव्हर उघडा, छर्रा बाहेर घ्या आणि टाकून द्या. वाकडा छर्रा सरळ करून वापरायला जाऊ नका. माझी सवय अशी: दहाच्या सीरिजसाठी दहाच छर्रे वेगळ्या ट्रेमध्ये मोजून ठेवायचे, प्रत्येकाचा घेर उजेडात बघायचा आणि उचलताना घेराला न धरता कमरेला धरायचं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बोटं गारठलेली असतात, तेव्हा छर्रे हटकून निसटतात. आधी हात चोळून गरम करा. त्यात जी पाच मिनिटं जातात ती सरावाचीच आहेत.

मोजून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. एक छर्रा आत असताना दुसरा घालणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. मागून कुणी हाक मारतं, लक्ष जातं, आणि आपण भरलं की नाही ते आठवत नाही. ट्रेमध्ये सहा उरले असतील आणि शॉट चारऐवजी तीनच झाले असतील, तर चौथा आत आहे. सामन्यात असं लक्षात आलं तर हात वर करून रेंज ऑफिसरला सांगा. त्यांच्या देखरेखीखाली रायफल रिकामी करता येते आणि त्याचा दंड बसत नाही. लाजून गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांचं मात्र नुकसान होतं.

छत्रीची काडी

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा होता, हाताचा अत्यंत स्थिर. विभागीय सामन्याला दोन आठवडे राहिले होते. त्या दिवशी त्याच्या रायफलच्या सिलिंडरची (छर्रा ढकलणारी हवा यात दाबून भरलेली असते) हवा उतरलेली होती आणि त्याने दाब दाखवणारा गेज पाहिलाच नव्हता. एक शॉट मारला, स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. त्याला वाटलं इलेक्ट्रॉनिक टार्गेट बिघडलं. दुसरा मारला, तिसरा मारला. मी शेजारच्या लेनवर होतो, मला आवाज बद्द येतोय हे कळलं तोवर पाच छर्रे एकामागे एक नळीत बसले होते. पहिला कमी दाबामुळे मधेच थांबला आणि बाकीचे त्याच्या पाठीला जाऊन चिकटले.

मी त्याला म्हटलं, सिलिंडर काढ, रायफल ठेव, संध्याकाळी आपण बघू. त्याच्या वडिलांना संध्याकाळपर्यंत धीर निघाला नाही. “सर, थोडंसंच अडकलंय, मी काढतो,” म्हणत ते रायफल घरी घेऊन गेले. घरी त्यांनी जुन्या छत्रीची लोखंडी काडी नळीच्या तोंडातून घातली आणि मागून हातोडीने ठोकली. पाचही छर्रे निघाले. वडील खूश होते.

सोमवारी मुलगा परत आला, तेव्हा त्याचे शॉट एका जागी पडेनात. जो ग्रुप एका नखाखाली झाकला जायचा तो रुपयाएवढा पसरला. नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवर काडीने बारीक खाच पडली होती, उजेडात तिरकी धरली तरच दिसेल एवढी. छर्रा बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला करतो. खाचेच्या बाजूने हवा आधी निसटते आणि छर्‍याला कलता धक्का देते. आर्मररने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, नळीचं तोंड लेथवर थोडं कापून नवी कड काढून दिली, त्यात दीड महिना गेला. सामना हुकला. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितो आहे.

छर्रा नळीत अडकलाच तर आधी सिलिंडर काढून बाजूला ठेवा आणि बोल्ट उघडा ठेवा. नळीत तेलाचे दोन थेंब सोडून थांबा. मग प्लास्टिकचं आवरण असलेला, साडेचार मिलिमीटरच्या नळीसाठीचाच सरळ रॉड कडेला न घासता आत न्या आणि हाताच्या संथ दाबाने छर्रा ब्रीचकडे, म्हणजे तो भरायच्या मागच्या टोकाकडे, ढकला. नंतर ते तेल पॅचने पूर्ण पुसून काढा. हातोडी घ्यायची नाही. हलत नसेल तर आर्मररकडे द्या. गेज १०० बारच्या खाली गेलं की मी मुलांचं शूटिंग थांबवतो. कुणी म्हणतं, अजून वीस शॉट निघतील. निघत असतील, पण माझ्या लेनवर नाही.

स्प्रिंगच्या बंदुकीत तेल

नळी मोडून भरायची स्प्रिंगची जुनी एअरगन बर्‍याच घरांत असते. ती आणतात तेव्हा वासावरूनच कळतं की शिलाई मशीनचं तेल ओतलंय. स्प्रिंगचा पिस्टन आतली हवा क्षणात एवढी दाबतो की ती प्रचंड तापते. तिथे तेल असलं की ते डिझेल इंजिनासारखं पेट घेतं. मोठा आवाज, नळीतून धूर, आणि पोरांना वाटतं बंदुकीची ताकद वाढली. प्रत्यक्षात पिस्टनचं सील जळतं आणि स्प्रिंग मोडते. हवेच्या वाटेत तेल नको. बिजागरीला एक थेंब पुरे. या बंदुकीत छर्रा अंगठ्याने ब्रीचच्या पातळीत बसवा, वर राहिला तर नळी मिटताना घेर कापला जातो. रिकामी झाडू नका. नळी साफ करायचा नुसता नमदा (लोकरीचा बोळा) घालून मारणंही रिकामी झाडण्यासारखंच, कारण त्याला वजन नसतं आणि पिस्टन जाऊन आपटतो.

बाकीचं थोडक्यात

सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा. एका पालकांनी कोविडच्या काळातला घरी पडलेला ऑक्सिजन भरू का, असं विचारलं होतं. कधीही नाही, शुद्ध ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो.

हातपंपाने भरत असाल तर मधे थांबा. पावसाळ्यात पंपाबरोबर ओलही आत जाते.

जर्मन बनावटीच्या सामन्याच्या रायफलींच्या सिलिंडरवर तारीख असते, दहा वर्षं झाली की बदला. चांगला दिसतोय, हे कारण नाही.

मित्राला जमतात म्हणून त्याचेच छर्रे घेऊ नका. ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत तुमच्या नळीला कोणता आवडतो ते रायफल बांधून, मारून बघा.

आणि छर्रे तोंडात धरायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती आज सोडा. ते शिसं आहे. रेंजच्या नळाजवळ मी साबण ठेवतो, पोहे-जिलबीचा पुडा उघडायच्या आधी प्रत्येकाचे हात मी स्वतः बघतो.