दाढीचं सामान कसं बांधावं: एका गार्डाच्या पेटीतून

रेल्वेच्या गार्डाच्या लाइन बॉक्समध्ये वस्तूंचे काय हाल होतात, ते पेटी उचलणाऱ्यालाच ठाऊक. लाल-हिरव्या झेंड्या, हातदिवा, रुळावर लावायच्या फटाक्यांचा डबा, प्रथमोपचाराचं सामान, नियमांचं पुस्तक, आणि उरलेल्या कोपऱ्यात माणसाचा संसार. भुसावळच्या फलाटावरून ती पेटी ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, चढायची तेव्हा असा आवाज यायचा, की आत काच असेल तर ती गेली असं धरूनच चालायचं. एकतीस वर्षं मी इगतपुरी, बडनेरा, खंडवा अशा तिन्ही दिशांना गेलो. माझ्या निवृत्तीनंतर, २०२२ साली, रेल्वेनं गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला सुरुवात केली, पण आमच्या गल्लीत मी अजून गार्डच आहे. या सगळ्या वर्षांत दाढी रोज केली. घरी कमी, रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावी गाडीवरच्या माणसांच्या मुक्कामाच्या खोलीत, जास्त.

हे लिहायचं कारण माझा भाचा. त्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली. आठवड्यातले चार दिवस शहादा, तळोदा, अक्कलकुवा. मागच्या महिन्यात आला आणि म्हणाला, “मामा, दोन रेझर गंजले. चांगले घेतले होते.” मी त्याची पिशवी मागवली. प्लॅस्टिकची चेनवाली थैली, आत ओला रेझर, ओला ब्रश, तुरटीचा खडा, सगळं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. थैली उघडली तसा कुबट वास खोलीभर झाला.

त्याला रागावलो नाही. कारण तोच उद्योग मी पंचविशीत केला होता. पहिल्या पगारातून घेतलेला रेझर, वरून चकचकीत क्रोम, आत जस्ताचा मिश्रधातू. इगतपुरीला पहाटे दाढी उरकली, गालावर तुरटी फिरवली आणि तो ओला खडा रेझरसकट एकाच रुमालात गुंडाळला. परतीच्या गाडीला वेळ लागला, रुमाल दीड दिवस तसाच राहिला. घरी येऊन पाहतो तर रेझरच्या डोक्यावर जिथे तुरटी टेकली होती तिथे पांढरट पूड, आणि ती पुसल्यावर खाली देवीच्या व्रणासारखे खड्डे. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, ते क्रोमच्या बारीक भेगांतून आत शिरतं आणि खालचा धातू खातं. तेव्हापासून तुरटी वेगळ्या डबीत. तीही फडक्यानं कोरडी करून.

लहानपणी आमच्या गावात वारिक, म्हणजे न्हावी, घरी यायचा, बलुत्यावर. त्याची चामड्याची धोकटी मी टक लावून बघायचो. उस्तरा, कात्री, नऱ्हाणी, वाटी, प्रत्येकाला आपापली जागा. काम संपलं की उस्तरा आधी फडक्यावर, मग पट्ट्यावर, मग तेलाचं बोट फिरवून मिटायचा. वाटी उपडी करून झटकायची. सामान बांधायला त्याला दाढीपेक्षा जास्त वेळ लागायचा. मला आज जे येतं ते सगळं त्या धोकटीतलं आहे.

आता रेझर. दोन बाजूंच्या पात्याचा, तीन तुकड्यांत सुटणारा असेल तर प्रवासाला निघताना त्यात पातं ठेवायचंच नाही. सोडवा, तिन्ही तुकडे धुवा, झटका, टॉवेलवर पाच मिनिटं पसरा. आट्यांत पाणी राहतं, तिथे टॉवेलचं टोक पिळून घाला. मग मूठ वेगळी गुंडाळायची आणि वरची टोपी खालच्या पट्टीवर बसवून जुन्या बनियनच्या तुकड्यात बांधायची. टोपीला जी आट्यांची दांडी असते ती नाजूक. हलक्या मिश्रधातूची असेल तर मोरीच्या फरशीवर एकदा पडली की काडीसारखी तुटते. पितळेची टिकते. बनियनचाच तुकडा का, तर सुती असतो, उरलीसुरली ओल ओढतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

पात्यांना हात कमी लावलेला बरा. पाच पात्यांचं पाकीट जसं येतं तसं न्यायचं, कागदातून आधीच काढून ठेवायचं नाही. वापरलेलं पातं कपड्यानं पुसायचं नाही. नुसतं धुवायचं, झटकायचं. पुसताना धारही जाते आणि बोटही. वापरलेलं पातं टाकण्यासाठी बऱ्याच पाकिटांना मागच्या बाजूला खाच असते, ती लोकांना दिसतच नाही. नसेल तर बामची पत्र्याची डबी घ्या, झाकणाला चीर पाडा, झाकण चिकटपट्टीनं पक्कं करा. वर्षभर पुरते. एका रनिंग रूममध्ये झाडू मारणाऱ्या मावशींचा तळवा कचऱ्यातल्या पात्यानं चिरलेला मी पाहिला आहे. पातं कोणाचं ते कळलं नाही, पण आम्हीच कोणीतरी. म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर, गाडीच्या बेसिनखाली, लॉजच्या बादलीत पातं ठेवायचं नाही. डबी भरली की तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या.

काडतुसाचा, म्हणजे तयार डोक्याचा रेझर असेल तर त्याचं प्लॅस्टिकचं टोपण जपा, बस. टोपण हरवलं की तो रेझर मोज्यांत अडकतो आणि हात घालणाऱ्याला कळतो.

ब्रशवर मी थोडं जास्त बोलणार. ब्रश ओला बांधला की आतून कुजतो, आणि बाहेरून धड दिसतो. खरं सांगायचं तर दोष हवेचाही असतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ब्रश खिडकीत ठेवा, तासाभरात खडखडीत. तोच ब्रश श्रावणात इगतपुरीला दुसऱ्या दिवशीही ओला. तिथे भिंतीला पाझर, गादीला पाझर, ब्रश काय वाळणार! डुकराच्या केसांचा ब्रश होता तो तिथेच वासला. घरात माळकरी सासूबाई होत्या, त्यांना ते केस तसेही चालत नव्हते. मग नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचा घेतला आणि सगळ्यांचंच समाधान झालं. तो पाणी धरत नाही, झटकला की अर्धा कोरडा. प्रवासाला मी तोच घ्या म्हणेन.

त्याची नळी मी घरी केली. जळगाव जिल्ह्यात ठिबकच्या पाइपचे तुकडे कुठल्याही शेतकऱ्याच्या खळ्यात पडलेले असतात. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, बारा सेंटीमीटर तुकडा. माझ्या ब्रशची मूठ तीन सेंटीमीटर जाड आहे, ती आत सैल जाते. तुमची जाड असेल तर पुढचं माप घ्या. कडा पॉलिश पेपरनं घासायच्या, बाजूंना बारीक ड्रिलनं दहा-बारा भोकं पाडायची, दोन्ही टोकांना एंड कॅप. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावायचं नाही, नुसत्या दाबून बसवायच्या. आता मुख्य गोष्ट: ब्रश आत घालताना मूठ आधी, केस मागून. केस पुढे करून घातला तर कडेचे केस उलटे मुडपतात, आणि दोन महिन्यांत ब्रश खराट्यासारखा फुलतो. नळी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि मुक्कामाला पोचल्यावर चपला काढायच्या आधी ब्रश बाहेर. केस खाली करून लटकवता आला तर उत्तम, नाहीतर उभा ठेवला तरी चालतो. बंद राहायला नको.

ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचाही उपयोग आहे. बोटभर तुकडा मिशीच्या कात्रीच्या टोकावर चढवला की ना बॅग फाटते, ना बोट. मला मिशी आहे, म्हणून मला हे सुचलं.

साबणाची अख्खी वडी नेऊ नये. भिजते, तळाशी लगदा होतो, तो सगळ्याला लागतो. मी वडी किसतो आणि तो कीस हळदी-कुंकवाच्या स्टीलच्या डबीत अंगठ्यानं दाबून बसवतो. दोन मोठे चमचे कीस मला महिनाभर पुरतो. किसणी मात्र जुनी घ्या, स्वयंपाकाची घेतलीत तर घरात जे होईल त्याला मी जबाबदार नाही. ट्यूब नेत असाल तर अर्धी वापरलेली न्या. गच्च भरलेली ट्यूब दाबली गेली की झाकणच फोडते.

आपल्याकडे फेस होत नाही याचा राग लोक साबणावर काढतात. दोष पाण्याचा असतो. लॉजमधलं पाणी बहुधा बोअरचं. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाऐवजी दह्याच्या चोथ्यासारखी साय तयार होते. भाच्याला सांगितलं, पिण्याच्या जारमधलं अर्धा ग्लास पाणी घे, ब्रश त्यातच भिजव, आणि शेवटी रेझरही त्याच पाण्यातून काढ. म्हणजे पांढरे डागही पडत नाहीत. त्यानं दुसऱ्याच दिवशी तळोद्याहून फोन केला, “मामा, फेस नाकापर्यंत आला.”

आफ्टर शेव्हची काचेची बाटली मी एकदाच नेली. बायकोनं कळण्याच्या भाकरी आणि बामणोदच्या वांग्यांचं भरीत बांधून दिलं होतं, बाटली त्याच पिशवीत. वैशाखाचं ऊन, ब्रेक व्हॅनचा पत्रा तापलेला. झाकण पुरतं बसलं नव्हतं, आतली हवा फुगली आणि हळूहळू अर्धी बाटली भाकरींनी पिऊन टाकली. भूक होती म्हणून कडेची अर्धी भाकर खाऊन पाहिली. नको. आता होमिओपॅथीच्या औषधाची छोटी प्लॅस्टिकची बाटली घेतो, पाऊणच भरतो, तोंडावर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा ठेवून वरून झाकण आवळतो. आणि डब्याच्या पिशवीपासून लांब.

फोमचा डबा मी वापरत नाही, पण भाचा वापरतो. त्यात दाबाखालचा ज्वालाग्राही वायू असतो, ५० अंशांच्या वर नेऊ नका असं डब्यावरच छापलेलं असतं. मे महिन्यात धुळ्याच्या बाजारात उभी केलेली बंद गाडी आतून त्याहून सहज तापते. डबा गाडीत विसरायचा नाही. ट्रिमरला प्रवासाचं लॉक असेल तर लावा, नाहीतर सरकत्या बटणाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून रबरबँड. एकदा शयनयान डब्यात वरच्या फळीवरची बॅग रात्री दोन वाजता घूं घूं करायला लागली. अर्धा डबा उठला, बेवारस सामानाच्या घोषणा सगळ्यांना आठवल्या, आणि बॅगवाले आजोबा खाली शांत घोरत होते.

विमानाचं एवढंच: दोन बाजूंची पाती हातातल्या सामानात चालत नाहीत. लेकीकडे बंगळुरूला पहिल्यांदा निघालो तेव्हा तपासणीत माझं नवंकोरं पाकीट गेलं. चूक माझी. रेझर, पाती, कात्री सगळं जमा करायच्या सामानात टाका. काडतुसाचा रेझर सहसा हातातल्या बॅगेत चालतो. परदेशी जाणार असाल तर हातातल्या बॅगेत द्रव, क्रीम, जेल प्रत्येकी १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीत. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक मात्र उलट: ती जमा करायची नाही, जवळच ठेवायची.

सगळ्यात कमी सामान मी वारीत नेतो. आपल्या मुक्ताबाईची पालखी कोथळीहून निघते ती महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. पाठीवर वजन नको, पाणी टँकरचं, तेही तांब्याभर. मी दिवसाआड दाढी करतो आणि एक पातं चार वेळा वापरतो, म्हणजे पाच पात्यांचं एक पाकीट झालं. रेझर, साबणाची डबी, नळीतला ब्रश आणि आरसा. आरसा दोन सदऱ्यांच्या मध्ये, काच आतल्या अंगाला. वारीत आरसा काढला की चार जण रेझर मागतात, तो द्यायचा नाही. कातडी नकळत कापली जाते, आणि काविळीचे काही प्रकार, ब आणि क, अशा रक्तातून पसरतात. साबण द्या, आरसा द्या, पाणीसुद्धा द्या. रेझर आणि पातं नाही. राग आला तर येऊ द्या, संध्याकाळी हरिपाठाला तोच माणूस शेजारी बसतो.

आणि घरी परतल्यावर बॅग तशीच कपाटात ढकलायची नाही. ही चूक सगळे करतात, कारण तोवर दमलेलो असतो. मी गच्चीवर जुना पेपर पसरतो. रेझरचे तिन्ही तुकडे, तुरटीची उघडी डबी, रिकामी नळी, झाकण काढलेली साबणाची डबी हे सगळं उन्हात. ब्रश तेवढा सावलीत, टाकीच्या आडोशाला. मळ काढायचा राहिला असेल तर जुन्या टूथब्रशनं आटे घासून घेतो, मुठीला गोडेतेलाचा एक थेंब. हे सगळं मांडून मी खुर्ची टाकून बसतो, कारण कावळे चकचकीत वस्तू उचलतात असा माझा समज आहे.

आमच्या मंडळी अमळनेरच्या, बोलतात अहिराणी. मागच्या वैशाखात त्या ओल्या पापडांचं ताट घेऊन जिना चढून आल्या, माझ्या पेपरकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तुमनं हाई दुकान उचला आते. माले पापड टाकना शेतस.”