ब्रेक कुठे जोरात लागतो, ते मोबाइलला विचारा

फोंड्याहून पणजीला रोज गाडी घेऊन जात असाल, तर महिनाभर ड्रायव्हिंग नोंदवणारं एखादं ॲप वापरून बघा. मोबाइल मात्र खिशात किंवा बाजूच्या सीटवर नको, डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये घट्ट बसवा. आतला ॲक्सेलरोमीटर हिसके मोजतो, जायरोस्कोप वळणं आणि जीपीएस वेग. फोन सैल असला तर तो घसरल्याचा हिसकाही तुमच्याच नावावर चढतो!

ॲप देतं त्या गुणांना मी फारशी किंमत देत नाही. प्रत्येकाचं गणित वेगळं. बघायचा तो नकाशा. बाणस्तारीच्या पुलाजवळ आठवड्यात तीनदा जोराच्या ब्रेकची खूण आली, तर तिथे आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायची सवय लावा. एका सेकंदात वेग ताशी ११ किलोमीटरने उतरला, की तो जोराचा ब्रेक धरायला हरकत नाही. हिसका दिसतो पण वेग तसाच आहे? मग तो बहुधा खड्डा. पावसाळ्यात अशा खुणा हमखास वाढतात, त्यामुळे जुलैची तुलना जानेवारीशी करू नका.

कदंबाच्या बसने गेलात त्या दिवसाची नोंद पुसा, नाहीतर बसड्रायव्हरचे ब्रेक तुमच्या खात्यात जमा होतात. लोकेशनची परवानगी ॲप चालू असतानापुरतीच द्या. शिवाय नकाशा कुणाला दाखवण्याआधी घराजवळचा तुकडा कापून टाका, आणि हे सगळं गाडी थांबवल्यावरच.