ऑनलाइन काउन्सेलिंगला बसण्याआधी (ब्लूटूथ, ब्लूटूथ, ब्लूटूथ)

चार्जिंग, पाण्याची बाटली, रुमाल वगैरे मी सांगायला नको. माझी यादी सुरूच होते ब्लूटूथपासून. फोनचं ब्लूटूथ बंद करा. आत्ताच पट्टी खाली ओढून बघा, चालू असेल ना?

माझं पहिलं सेशन होतं तेव्हा मी सगळं नीट केलं होतं असं मला वाटत होतं. बेडरूमचं दार लावलं, कडी घातली, पंख्याचा आवाज नको म्हणून पंखाही बंद, कानात बिनवायरचे इअरबड्स. ते नेमके दहाव्या मिनिटाला डिस्चार्ज झाले आणि फोन आपणहून हॉलमधल्या स्पीकरला जाऊन चिकटला, ज्याच्यावर आमच्याकडे सकाळी अथर्वशीर्ष लागतं आणि जो कोणी कधी बंद करत नाही. मी आत "हॅलो, आवाज येत नाहीये" करतेय आणि बाहेर मॅडमचा शांत, स्पष्ट आवाज, "सासूबाईंशी बोलणं नेमकं कधीपासून कमी झालंय?" सासूबाई समोरच मटार सोलत होत्या. काही बोलल्या नाहीत. उरलेले मटार सोलले, डबा फ्रीजमध्ये ठेवला, चपला घातल्या आणि खाली फेरी मारायला गेल्या. अंधार पडला तरी वर आल्या नाहीत.

तर वायरवाला इअरफोन घ्या. ठाणे स्टेशनजवळ गावदेवीला दीड-दोनशेत मिळतो, फक्त आपल्या फोनला गोल पिन लागते की टाइप सी ते घरून बघून जा, मी एकदा चुकीचा आणलाय. आणि वायर लावली म्हणून ब्लूटूथ चालू ठेवू नका. बंद म्हणजे बंद.

आता माणूस कोण निवडायचा. काउन्सेलर हा शब्द आपल्याकडे कोणीही नावापुढे लावतं, त्यामुळे शिक्षण आणि अनुभव सरळ विचारा, लाजू नका, पैसे आपण देतोय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो मागा. गोळ्या लिहून देणारे सायकायट्रिस्ट वेगळे, ते आधी डॉक्टर असतात. काउन्सेलर गोळ्या सुचवायला लागला तर फोन ठेवा. नुसतं पंधरा वर्षांचा अनुभव असं ऐकून हुरळू नका, पंधरा वर्षं कशाचा ते विचारा, शाळेतल्या मुलांचा की नवरा-बायकोच्या भांडणांचा की पॅनिकचा. आणि मराठी बोलणारं कोणी मिळालं तर बघाच. मला "जीव घाबरा होतो" आणि "कसंनुसं होतं" यातला फरक इंग्लिशमध्ये सांगताच आला नसता, मॅडमना तो एका वाक्यात कळला.

आधी एक फॉर्म येतो. त्यात इमर्जन्सी कॉन्टॅक्ट आणि तुम्ही आत्ता कुठे बसलाय तो पत्ता विचारतात, उगाच संशय घेऊ नका, स्क्रीनपलीकडच्या माणसाला काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे त्यांना माहीत लागतं. तिथे घरातल्या त्याच माणसाचं नाव टाकू नका ज्याच्याबद्दल बोलायचंय. थायरॉइडच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर त्याही लिहा. आपण बोललेलं कुणाला सांगणार, कधी सांगणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. गुप्तता असते, पण जिवाला धोका वाटला तर ते इतरांना कळवू शकतात. आणि तसंच टोकाचं काही मनात येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, टेली मानसचा 14416 लावा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

जागा. घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटच्या भिंती अशा की शेजारच्यांची मिक्सरची वेळ पाठ आहे, त्यामुळे मी आता खाली पोडियम पार्किंगमध्ये गाडीत बसते. तलावपाळीला किंवा उपवनला बाकावर बसून करीन म्हणाल तर तिथे हमखास ओळखीचं कोणीतरी भेटतं. बेसमेंटमध्ये रेंज नसते आणि तिथे एसीसाठी गाडी चालू ठेवून तर अजिबात बसायचं नाही, धूर कोंडतो. आणि गाडीत फोन कशाला जोडला जातो? गाडीच्या ब्लूटूथला! गाडी सुरू केली की मॅडम स्पीकरवर, काचा बंद असल्या तरी वॉचमनला ऐकू जातं. म्हणून परत सांगते, बंद करा ते.

घरीच बसणार असाल तर महावितरणचा शटडाऊनचा मेसेज आलाय का बघा, वायफाय गेलं तर मोबाइल डेटा हवा. व्हिडिओवर आपलं नाव काय दिसतंय तेही बघा, माझं लेकीच्या शाळेपासून "रोल नंबर 14" असंच राहिलं होतं आणि मॅडमनी बिचाऱ्यांनी मला विचारलं की तुम्हाला काय नावाने हाक मारू.

काय बोलायचं ते तीन ओळीत कागदावर लिहा, जास्त नको. पन्नास मिनिटं भुर्रकन जातात आणि खरी गोष्ट आपण शेवटच्या पाचात काढतो. लगेच नंतर ऑफिसची मीटिंग ठेवू नका, डोळे सुजलेले असतात. रद्द करायचं तर किती तास आधी, ते विचारा, नाहीतर फी जाते. पावती मागा. पुढची तारीख तिथेच घ्या, संध्याकाळच्या वेळा आधी भरतात. कागद फाडून टाका.

सेशन संपल्यावर ब्लूटूथ चालू केलं तर चालेल. मी नाही करत.